चेंडू माझा की तुझा?

रिहे हे आमचे आजोळ. पिरंगुट-घोटावड्याच्या बाजूने मुळशी तालुक्यात आत शिरले की डोंगर आणि भातखाचरे यांच्या सोबतीने या गावी जाता येते. सुट्टीच्या दिवशी मामांकडे जावे, मामींच्या हातची भाकरी खावी आणि संध्याकाळी परतावे, असा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. परंतु गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा घरासमोरच्या काँक्रीटच्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा मारलेल्या दिसल्या. मध्ये जाळी बांधलेली. एका बाजूला मामेभाऊ आणि शेजारचा एक मुलगा, दुसऱ्या बाजूला वहिनी आणि आठवीत शिकणारी भाची. हातात लाकडी फळ्या आणि मध्ये टकटक उडणारा, भोके पाडलेला प्लास्टिकचा चेंडू!

मामेभाऊ हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये गाडी चालवतो. साहेब लोकांना सोडले की तासन्‌तास थांबावे लागते. तिथे त्याने हा खेळ पाहिला, नियम विचारून घेतले आणि घरी येऊन रेघा मारल्या. खेळाचे नाव पिकलबॉल.

आम्ही तरुणपणी कामगार कल्याण केंद्रात बॅडमिंटन खेळलेलो. त्यामुळे हा पोरखेळ आपल्याला सहज जमेल, अशी आमची खात्री. पत्नीला सोबत घेतले आणि वहिनी व भाची यांच्याविरुद्ध उतरलो. निकाल लागला ११-३. हरलो आम्ही! एक माउली आणि तिची तेरा वर्षांची लेक यांनी आम्हाला चारीमुंड्या चीत केले. त्या पराभवातून आम्ही जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळ आहे तरी कसा?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९६५ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅककॅलम या मित्रांच्या घरांत हा खेळ जन्माला आला. अंगणात बॅडमिंटनचे जुने मैदान होते, पण खेळायला धड सामान नव्हते. मग त्यांनी टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा चेंडू घेतला, जाळी खाली आणली आणि मुलाबाळांसह खेळू लागले. पुढे त्यांनी प्लायवुड कापून मोठ्या फळ्या केल्या. म्हणजे हा खेळ श्रीमंत क्लबात नव्हे, तर घरातल्या अडचणीतून निघाला. गंमत पाहा, ज्या बॅडमिंटनच्या मैदानावर तो जन्मला, त्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात आपल्या पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले होते. भारतात पिकलबॉल रुजवण्याचे श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना दिले जाते. २००८ साली त्यांच्या पुढाकाराने ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन स्थापन झाली.

मैदान ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढेच. जाळी कडेला ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच उंच. जाळीच्या दोन्ही अंगांना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला ‘किचन’ म्हणतात. या पट्ट्यात किंवा त्याच्या रेघेवर पाय ठेवून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. चेंडू आत टप्पा पडला, तर मात्र आत जाऊन खुशाल मारावा. वहिनी हसून म्हणाल्या, “भावोजी, घरातलं किचन काही सुटत नाही. इथं निदान आत जायला बंदी आहे, हेच बरं!”

सर्व्हिस मागच्या रेघेच्या बाहेरून, हात खालून वर नेत, समोरच्या तिरप्या चौकोनात करायची. ती किचनच्या पलीकडे पडली पाहिजे. सर्व्हिस समोरच्यांनी एक टप्पा पडू देऊनच परतवायची, आणि तो परतलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्यांनीही एक टप्पा पडू देऊनच मारायचा. त्यानंतर हवेत मारायला मोकळीक. ज्यांची सर्व्हिस त्यांनाच गुण मिळतो. आधी ११ गुण करणारी जोडी जिंकते, मात्र दोन गुणांची आघाडी हवी.

मामांची वही

आमचे मामा एका कारखान्यात तयार माल तपासण्याचे काम करून निवृत्त झाले. आम्ही हरत होतो, तेव्हा ते ओट्यावर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने रेघोट्या ओढत होते. खेळ संपल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बोलावले.

“आरं, त्या दोघी काय लई भारी खेळल्या न्हाईत. तुमी दिलं, त्यांनी घेतलं. कारखान्यात माल बाद झाला की आमी कामगाराला शिव्या देत नव्हतो. कुठल्या जागी बाद झाला, ते आधी लिहून काढायचो. हे बघ.”

हिशेब असा होता. आम्ही एकूण २४ वेळा चेंडू गमावला. त्यापैकी समोरच्यांनी खरोखर चांगला फटका मारून आम्हाला हरवले, असे फक्त ५ वेळा. उरलेल्या १९ वेळा आम्हीच चूक केली. सर्व्हिस जाळीत किंवा बाहेर ४, टप्पा न पडू देता घाईने मारले २, जोरात मारायच्या नादात जाळीत किंवा बाहेर ५, दोघांच्या मधून गेले किंवा दोघेही धावले ४, बाहेर जाणारा चेंडू उगाच मारला ३ आणि किचनमध्ये पाय १.

आम्ही गप्प झालो. आमच्या मनातली समजूत अशी होती की पत्नीला खेळता येत नाही, म्हणून आपण हरलो. परंतु त्या १९ पैकी १२ चुका आमच्या नावावर होत्या! मामांनी तेही बाजूला लिहून ठेवले होते.

चूक पहिली : फुकटची देणगी

सर्व्हिस हा एकच फटका असा आहे की तो मारताना समोरचा कोणी आपल्याला अडवत नाही. तरीही हौशी खेळाडू तिथेच जोर दाखवायला जातात. सर्व्हिस जाळीत गेली म्हणजे गुण मिळवण्याची संधी न खेळताच गेली. उपाय सोपा आहे. सर्व्हिस खोल, मागच्या रेघेच्या दिशेने टाकावी, पण रेघेच्या दोन-तीन फूट आत पडेल अशा बेताने. चकवण्यापेक्षा आत पडणे महत्त्वाचे. सर्व्हिस परतवतानाही हीच गोष्ट. चेंडू उंचावरून, सावकाश आणि खोल परतवावा. चेंडू हवेत असतो, तेवढ्या वेळात आपल्याला पुढे जाऊन उभे राहता येते.

चूक दुसरी : पुढे जायचे तेव्हा मागे, मागे राहायचे तेव्हा पुढे

बॅडमिंटनच्या सवयीने आम्ही सर्व्हिस केली की लगेच पुढे धावत होतो. पण इथे परतलेला चेंडू टप्पा पडू द्यावा लागतो. भाचीने हे हेरले आणि प्रत्येक चेंडू खोल, थेट आमच्या पायाशी टाकला. तेव्हा सर्व्हिस करणाऱ्या जोडीने मागच्या रेघेजवळच थांबावे.

याउलट, सर्व्हिस घेणाऱ्या जोडीतला एक जण आधीच किचनच्या रेघेपाशी उभा असावा आणि ज्याने सर्व्हिस परतवली, त्यानेही तडक पुढे येऊन त्याच्या जोडीने उभे राहावे. पत्नी सर्व्हिस छान परतवत होती, पण तिथेच थबकत होती. मग एक पुढे, एक मागे आणि मध्ये भले मोठे भगदाड!

सर्वांत वाईट जागा म्हणजे मैदानाचा मधला भाग. तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या नेमके पायाजवळ चेंडू पडतात. मामांनी “त्यांची कमाई” म्हणून मांडलेल्या पाच गुणांपैकी बहुतेक असेच गेले होते. मधून जावे लागतेच, पण तिथे मुक्काम करू नये. समोरचा चेंडू मारत असेल त्या क्षणी जिथे असाल तिथे पाय रोवून थांबा, चेंडू परतवा आणि मग पुन्हा पुढे सरका.

चूक तिसरी : ताकदीचा गर्व

हौशी पुरुष खेळाडूंची ही खास चूक, आणि आम्ही तिचे मोठे मानकरी. चेंडू दिसला की हाणायचा! परंतु समोरची जोडी जाळीजवळ उभी असताना मागून जोरात मारले, तर त्यांना फक्त फळी आडवी धरायची असते. आमच्याच जोराने चेंडू आमच्या अंगावर परत येतो.

सर्व्हिस हा पहिला फटका, परतवणे हा दुसरा. सर्व्हिस करणाऱ्या जोडीचा तिसरा फटका हा या खेळाचा कणा मानला जातो. तेव्हा आपण मागे असतो आणि ते पुढे. अशा वेळी चेंडू अलगद उचलून, कमान करून त्यांच्या किचनमध्ये टाकावा. तो जाळीच्या उंचीखाली गेला की त्यांना खालून वर मारावे लागते, जोर लावता येत नाही, आणि तेवढ्यात आपण पुढे पोहोचतो. हा फटका एका दिवसात येत नाही. आम्ही पहिल्या रविवारी मारलेल्या अशा चेंडूंपैकी निम्म्याहून अधिक जाळीत गेले. पण भाची म्हणाली, “काका, जाळीच्या मधून मारा ना! तिथं ती दोन इंच खाली आहे.” आठवीतल्या मुलीचे हे गणित आम्हाला सुचले नव्हते.

चूक चौथी : बाहेर जाणाऱ्याला आत बोलावणे

किचनच्या रेघेजवळ उभे असताना जोरात आलेला चेंडू खांद्याच्या उंचीवर असेल, तर बहुधा तो बाहेरच जाणार असतो. तरी हात आपोआप पुढे होतो. अशा वेळी जोडीदाराने “सोड!” म्हणून ओरडावे, कारण बाजूने पाहणाऱ्याला चेंडूची दिशा अधिक नीट कळते. आम्ही तीन वेळा हे गुण हाताने परत दिले होते.

किचनच्या चुकीबद्दलही एक सांगायचे आहे. चेंडू हवेत मारल्यानंतर तोल जाऊन पाय आत पडला, तरी चूकच धरतात. म्हणून रेघेला अगदी चिकटून न राहता दोन-चार बोटे मागे उभे राहावे आणि वाकताना कमरेतून नव्हे, तर गुडघ्यातून वाकावे.

चूक पाचवी : चेंडू माझा की तुझा?

आता जे सांगायचे, ते सांगताना आम्हाला संकोच वाटतो.

दुसऱ्या रविवारी आम्ही ठरवून गेलो की आज जिंकायचेच. वहिनी आणि भाची हुशार. त्या प्रत्येक चेंडू पत्नीकडे टाकू लागल्या. आम्ही तिच्या हद्दीत शिरून तिचे चेंडू मारू लागलो. दोन-तीन गुण मिळालेही. मग त्यांनी आमची रिकामी झालेली बाजू पकडली. आम्ही आणखी धावू लागलो. पत्नी प्रत्येक चेंडूला बिचकू लागली, कारण मारावा की सोडावा हेच तिला कळेना. शेवटी एक उंच चेंडू आमच्या दोघांच्या मागे गेला. आम्ही वर बघत उलट्या पावली मागे धावलो, तीही धावली. टक्कर झाली, ती उजव्या हातावर पडली.

हाड मोडले नाही, पण मनगट मुरगळले. पत्नी घरी शिवणकाम करते. बारा दिवस मशीन बंद राहिली. लग्नसराईचे ब्लाउज परत द्यावे लागले. तिने तक्रार केली नाही, फक्त एवढेच म्हणाली, “तुम्हाला एकट्यानंच खेळायचं होतं, तर मला कशाला उभं केलं?”

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. मामांच्या कॅलेंडरवर ‘मधून गेले ४’ असे लिहिले होते. त्या आकड्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला.

जोडीखेळात २० फुटांची रुंदी दोघांत वाटलेली असते. तगड्याने दुबळ्याची बाजू बळकावली की तगड्याची बाजू उघडी पडते आणि दुबळ्याचा हात कधीच तयार होत नाही. समोरच्यांना तर हेच हवे असते. म्हणून पुढील गोष्टी खेळाआधी ठरवून घ्याव्यात.

एक, मधला चेंडू कोणाचा? दोघेही उजव्या हाताने खेळत असतील, तर डाव्या बाजूला उभ्या असलेल्याचा सरळ हात मध्यभागी येतो. सर्वसाधारणपणे मधला चेंडू त्याने घ्यावा.

दोन, तोंडाने बोलावे. “माझा!” किंवा “तुझा!” एवढा एकच शब्द, पण लवकर आणि मोठ्याने. एकदा एकाने “माझा” म्हटले की दुसऱ्याने हात आवरावा, मग चेंडू चुकला तरी चालेल.

तीन, दोघांच्या कमरेला एकच दोरी बांधली आहे, असे समजावे. एक उजवीकडे सरकला की दुसऱ्यानेही सरकावे. एक मागे गेला की दुसऱ्यानेही मागे जावे. दोघांत आठ-नऊ फुटांहून अधिक अंतर पडू देऊ नये.

चार, डोक्यावरून चेंडू गेला, तर उलट्या पावली कधीही धावू नये. आधी अंग वळवावे, मग धावावे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना अशा पडण्यातून मोठी इजा होऊ शकते. चेंडू हाताशी येत नसेल, तर जाऊ द्यावा. एक गुण गेला, तर पुढे मिळवता येतो. मोडलेल्या मनगटाचा पगार कोणी देत नाही.

चूक सहावी : जोडीदाराला दोष, रेघेवरून भांडण

चेंडू चुकला की जोडीदाराकडे वळून कपाळाला हात लावणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याने पुढचा चेंडूही चुकतो. मामांनी आमच्यासाठी नियम केला की चूक कोणाची, हे खेळ चालू असताना बोलायचे नाही. खेळ संपल्यावर कागद पाहायचा. रेघेला स्पर्श झालेला चेंडू आतच धरतात. फक्त सर्व्हिस किचनच्या रेघेवर पडली, तर ती चूक. आणि आपल्या बाजूला पडलेला चेंडू नक्की बाहेर दिसला नसेल, तर शंकेचा फायदा समोरच्यांना द्यायचा, हा खेळाचा नियमच आहे.

खर्चाचे काय?

शहरात पिकलबॉलची मैदाने तासाच्या भाड्याने मिळतात आणि ते भाडे शेकड्यांत जाते. कष्टकरी कुटुंबाला ते परवडणारे नाही. पण खेळ त्यावाचून अडत नाही. चांगले प्लायवुड आणून ओळखीच्या सुताराकडून फळी कापून घेता येते. फळीची लांबी १७ इंचांपेक्षा जास्त नसावी आणि लांबी-रुंदी मिळून २४ इंचांच्या आत असावी, असा नियम आहे. कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत कराव्यात आणि मुठीला कापडी पट्टी गुंडाळावी. चेंडू मात्र भोकांचा, याच खेळाचा आणावा. मातीच्या अंगणात तो नीट उसळत नाही; काँक्रीट किंवा फरशीची सपाट जागा लागते. जागा ओली असेल तर खेळू नये. पायात चपला नकोत, बूट हवेत, एवढे पथ्य पाळावे.

पुन्हा मैदानात

पत्नी महिनाभर रिह्याला आली नाही. नंतर मामींनी स्वतः निरोप पाठवला, “सूनबाईला सांग, मी बी शिकत्येय.” तेव्हा ती आली. खेळ सुरू होण्याआधी तिने चुन्याची चिमूट घेतली आणि मैदानाच्या आमच्या भागात, अगदी मधोमध, एक छोटी खूण केली. म्हणाली, “इथपर्यंत तुमचं.”

त्या दिवशी आम्ही ती खूण ओलांडली नाही. हात शिवशिवत होते, पण ओलांडली नाही. पहिल्या चार-पाच चेंडूंवर तिच्याकडून चुका झाल्या. त्यानंतर तिने एक चेंडू इतका अलगद किचनमध्ये टाकला की भाची जागच्या जागी उभी राहिली. आम्ही तो खेळ ११-९ असा हरलो. मामांनी कागद दाखवला. आमच्या फुकटच्या चुका १९ वरून ८ वर आल्या होत्या आणि ‘मधून गेले’ या रकान्यात एकही रेघ नव्हती.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत सपाट मोकळी जागा असेल, तर येत्या रविवारी एवढेच करून पाहा. चुन्याच्या रेघा मारा, चार जण उतरा आणि पाचव्याला कागद-पेन्सिल घेऊन कडेला बसवा. कोण जिंकले, हे त्याने लिहायचे नाही; चेंडू कुठे आणि कसा गेला, तेवढेच लिहायचे. आणि घरच्या माणसासोबत खेळत असाल, तर उतरण्याआधी मधली खूण करून घ्या. आम्हाला ती करायला मनगट मुरगळण्याची वाट पाहावी लागली. आपणास लागू नये.